'आई, हे पॉज होत नाही!' : पाच विरुद्ध पाचचा तो गेम, पालकांना कळेल अशा भाषेत

आधी एक कबुली. साधारण दीड वर्षापूर्वी मी चालू गेममध्ये वायफाय बंद केलं होतं. पोराला चार हाका मारून झाल्या होत्या, प्रत्येक हाकेला "आलो, दोनच मिनिटं" आणि त्या दोन मिनिटांची वीस झाली, मग माझं डोकं फिरलं आणि मी उठून सरळ राउटरचं बटण दाबलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, दार आपटणार. तसलं काही झालं नाही. तो खुर्चीत तसाच बसून राहिला, चेहरा पार उतरलेला, आणि म्हणाला, "अगं आई, बाकीच्या चौघांनी काय करायचं आता?"

मला तो प्रश्नच कळला नाही. कोण चौघं? मला तर खोलीत एकटा मुलगा दिसत होता आणि समोर रंगीबेरंगी काहीतरी फुटत होतं.

नंतर मी हट्टाने शिकून घेतलं, थोडं त्याच्याकडून, थोडं स्वतः खेळून (अत्यंत वाईट खेळते, ते सोडा). आणि लक्षात आलं की आमची निम्मी भांडणं गेममुळे नव्हती, गेम कसा चालतो हे मला माहीत नसल्यामुळे होती. उरलेली निम्मी खरी होती, त्याबद्दलही लिहिते.

हा गेम म्हणजे नक्की काय

या जातीच्या गेमना मोबा म्हणतात, म्हणजे मल्टिप्लेअर ऑनलाइन बॅटल अरीना. नाव विसरलात तरी चालेल, पाच विरुद्ध पाच एवढं लक्षात ठेवा. मुळात २००३ च्या सुमाराला हौशी लोकांनी वॉरक्राफ्ट ३ नावाच्या गेमवर स्वतःचा एक नकाशा बनवला, डिफेन्स ऑफ द एन्शंट्स, त्यातून हे सगळं वाढलं. रायट गेम्सचा लीग ऑफ लेजंड्स २००९ मध्ये आला, व्हॉल्व्हचा डोटा २ हा २०१३ मध्ये, आणि मोबाइलवर ऑनर ऑफ किंग्ज आणि मोबाइल लेजंड्स आले. आमच्या घरी लीग चालतो म्हणून मी त्याच्याबद्दलच बोलणार, पण सांगाडा सगळ्यांचा सारखाच आहे.

डोळ्यासमोर एक चौकोनी मैदान आणा. एका कोपऱ्यात आपला किल्ला, तिरक्या समोरच्या कोपऱ्यात त्यांचा. दोन्हींना जोडणारे तीन रस्ते, त्यांना लेन म्हणतात. लेनच्या मधे जंगल. दोन्ही किल्ल्यांमधून साधारण दर अर्ध्या मिनिटाला छोट्या सैनिकांची एक रांग आपोआप निघते, हे कॉम्प्युटर चालवतो, ते वाटेत समोरासमोर येतात आणि एकमेकांना मारत बसतात. दोन्ही बाजू अगदी सारख्या, त्यामुळे माणसं मधे पडलीच नाहीत तर दिवसभर काहीच होणार नाही. रस्सीखेच आठवा, दोन्हीकडे सारखाच जोर आहे, दोरी जागची हलत नाही. आता दोन्ही बाजूंना पाच-पाच खरी माणसं लावा. त्या दहा जणांचं काम एवढंच की दोरी आपल्या बाजूला इंच इंच सरकवायची. वाटेत बुरूज आहेत, ते एकेक करून पाडायचे, आणि शेवटी समोरच्याच्या किल्ल्यातला गाभा फोडायचा. तो फुटला की मॅच संपली. किती जणांना मारलं याने निकाल लागत नाही, आणि ही गोष्ट बघणाऱ्याला हमखास चुकीची कळते, कारण आपल्याला दिसते फक्त मारामारी.

पोराची नजर मात्र असते पैशावर. खऱ्या नाही, गेममधल्या सोन्यावर. त्या छोट्या सैनिकाला शेवटचा फटका ज्याचा बसेल त्याला नाणी मिळतात, आधी तुम्ही नऊ फटके मारलेत आणि दहावा दुसऱ्याने कोणी मारला तर तुम्हाला शून्य. म्हणून ते पोरगं इतकं टक लावून बसलेलं असतं, सैनिकाचा जीव कणभर उरेपर्यंत थांबायचं, मग बरोब्बर एक टिचकी. त्या नाण्यांनी तलवारी, चिलखतं घ्यायची, ताकद वाढवायची, मग मोठी लढाई. पहिली दहा-पंधरा मिनिटं बघायला भयंकर कंटाळवाणी असतात, खरं सांगते, कोणीतरी शेतात खुरपणी करतंय तसं वाटतं. आणि गंमत म्हणजे खेळणारेसुद्धा त्याला 'फार्म' करणंच म्हणतात.

दर मॅचला सगळं शून्यापासून. काल जमवलेलं सोनं, तलवारी आज काही नाही. बुद्धिबळात काल वजीर मारला म्हणून आज समोरचा वजीराशिवाय बसत नाही ना, तसंच. मागे राहतं ते फक्त तुमचं कसब आणि तुमची रँक. रँकबद्दल पुढे बोलू.

पाच जण, पाच कामं

वरच्या लेनला एक, मधल्या लेनला एक, खालच्या लेनला दोघं, आणि पाचवा जंगलात फिरतो आणि अचानक कुठल्याही लेनमध्ये उगवून समोरच्याची पळता भुई थोडी करतो. खालच्या दोघांतला एक लांबून मारणारा नेमबाज आणि दुसरा त्याचा सांभाळकर्ता, त्याला सपोर्ट म्हणतात. मैदानाचा बराचसा भाग अंधारात असतो, सपोर्टवाला तिथे दिवे लावल्यासारख्या खुणा पेरत फिरतो, इतरांना बरं करतो, मार अंगावर घेतो आणि श्रेय दुसऱ्याला जातं.

माझा मुलगा सपोर्ट खेळतो. घरात स्वतःचा पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नाही तो मुलगा तिथे चार अनोळखी लोकांची काळजी घेत फिरतो, हे कळलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. तुमच्याकडच्या पोराला विचारून बघा, "तू कोणता रोल खेळतोस?" एवढा एकच प्रश्न. गेम चांगला की वाईट यावर वाद घालण्यापेक्षा या एका प्रश्नावर जास्त कळतं.

खेळायचं पात्र, ज्याला चॅम्पियन म्हणतात, ते दीडशेच्या वर आहेत आणि प्रत्येकाच्या करामती वेगळ्या. मॅचच्या आधी दोन्ही टीम नको ती पात्रं बाद करतात, मग हवी ती निवडतात. ही निवडच एक छोटी मॅच असते. हा सगळा प्रकार किती गुंतागुंतीचा आहे याचा अंदाज हवा असेल तर, ओपनएआयच्या लोकांनी डोटा २ खेळणारा कॉम्प्युटर बनवला होता आणि त्याने २०१९ मध्ये तेव्हाच्या विश्वविजेत्या ओजी टीमला हरवलं, तेही पात्रांची संख्या बरीच कमी करून ठेवली होती तेव्हा. बुद्धिबळात कॉम्प्युटरने विश्वविजेत्याला हरवलं ते १९९७ मध्ये, म्हणजे या गेमची पाळी यायला अजून बावीस वर्षं गेली. तेव्हा "नुसतं बटणं बडवणं" असं पोरासमोर म्हणू नका, तुमची किंमत जाते.

पण पॉज का करता येत नाही?

कारण मॅच पोराच्या कॉम्प्युटरमध्ये चालत नसतेच. ती चालते कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे त्यांच्याकडच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आणि त्याला दहा घरांतून दहा माणसं जोडलेली असतात. कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराला आईने हाक मारली म्हणून मैदान थांबतं का? तो मधेच निघून गेला तर चढाई वाया जाते आणि उरलेल्यांना एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं. इथेही तेच, पाच विरुद्ध चार. आणि पाच विरुद्ध चारची मॅच बहुतेक वेळा हरलेलीच असते, फक्त हरायला अजून वीस मिनिटं लागतात, तोच जास्त वैताग.

(तुमचं पोरगं डोटा खेळत असेल तर त्यात पॉज आहे बरं का. पण समोरची टीम थोड्या वेळाने तो उठवू शकते, म्हणजे आपल्या कामाचा नाही.)

मधेच गेलं तर गेम शिक्षाही करतो. रँकचे पॉइंट कापले जातात, पुढच्या काही मॅचना मुद्दाम रांगेत ताटकळत ठेवतात, आणि हे वारंवार झालं तर बंदी येते. यात वायफाय आईने बंद केलं की लाइट गेली हे गेमला कळत नाही, त्याच्या लेखी तुमचं पोरगं पळपुटं. त्या दिवशी मी बटण परत लावलं तोवर त्याची टीम हरली होती आणि त्याला चौघांनी रिपोर्ट केलं होतं. नंतर मी सॉरी म्हणलं. त्याने "इट्स ओके" म्हणलं आणि आठवडाभर राउटरकडे संशयाने बघत होता.

मग वेळेचं काय करायचं? तर मिनिटांत मोजणं सोडा, मॅचमध्ये मोजा. "आठ वाजता बंद" हा नियम या गेमला बसतच नाही, कारण आठ वाजता तो हमखास मॅचच्या मधे असणार आणि मग रोज तेच रामायण. एक मॅच साधारण पंचवीस ते पस्तीस मिनिटांची, कधी चाळीसच्या वर जाते. शिवाय आधी जोडीदार मिळायची रांग, मग पात्रांची निवड, मग लोडिंग. सगळं धरून एका मॅचला पाऊण तास पकडा, लवकर संपली तर बोनस. म्हणजे जेवायला अर्धा तास राहिला असेल तर नवीन मॅच सुरू करायचीच नाही, हे बटण दाबायच्या आधी ठरतं, दाबल्यावर नाही. बोलायचं ते तेव्हा बोला. "आज दोन" असं आधी ठरलेलं असेल तर दुसरी मॅच संपेपर्यंत मी हाक मारत नाही आणि तिसरीचं बटण तो दाबत नाही. सुरुवातीला हे जमायला महिना गेला, मधे चार-पाच वेळा मोडलंही, आमच्याकडे काही रामराज्य नाही.

एक बारीक गोष्ट पण ऐकून ठेवा, "ही मोठी झाली, लवकर संपव" असं म्हणून उपयोग नसतो कारण ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही. हार मानायची सोय आहे, पण पंधराव्या मिनिटापासून सगळ्यांचं एकमत लागतं आणि वीस मिनिटांनंतर पाचातले चार तयार हवेत. आणि "जिंकलो की उठतो" हे तर कधीच मान्य करू नका. लागोपाठ तीन हरल्यावर जिंकून उठायचं म्हणून बसलेलं पोरगं रात्री दोनला पण तिथेच असतं. आकडा आधी ठरवा, मग हार असो की जीत.

रँक नावाचं भूत

दोन प्रकारे खेळता येतं, साधी मॅच आणि रँकवाली मॅच. रँकवाल्यात शिडी आहे: आयर्न, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, एमराल्ड, डायमंड, मास्टर, ग्रँडमास्टर आणि सगळ्यात वर चॅलेंजर. डायमंडपर्यंत प्रत्येक मजल्यावर चार पायऱ्या. जिंकलं की वीस-पंचवीस पॉइंट, हरलं की जवळपास तेवढेच गेले, शंभर भरले की वरची पायरी.

यामागचं गणित बुद्धिबळातून आलंय. आर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने खेळाडूंचं बळ आकड्यात मांडायची पद्धत बनवली, जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली, आणि आजचे ऑनलाइन गेम तीच कल्पना आपापल्या परीने वापरतात. तुमच्यापेक्षा भारी माणसाला हरवलंत तर आकडा जास्त वाढतो, कच्च्याकडून हरलात तर जास्त पडतो. आणि मग कॉम्प्युटर तुम्हाला तुमच्याच आकड्याच्या आसपासच्या लोकांशी भिडवतो.

आता याचा परिणाम बघा. तुम्ही जितके सुधाराल तितके समोरचेही भारी येत जाणार, त्यामुळे जवळजवळ सगळेच खेळाडू निम्म्याच्या आसपास मॅच जिंकतात आणि निम्म्याच्या आसपास हरतात. कायम. पोराला वाटतं आपण अडकलोय, आपण सुधारतच नाहीये, सगळं जग आपल्या विरुद्ध आहे. खरं तर यंत्रणा बरोबर चाललीय याची ती खूण आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाला, ज्याने आत्ताच सलग चार मॅच हरल्यात, हे सांगून बघा. मी सांगितलं. त्याने हेडफोन लावले.

अशी सलग हारून डोकं तापलेली अवस्था असते तिला 'टिल्ट' म्हणतात. टिल्ट झालेला माणूस अजून वाईट खेळतो, अजून हरतो, अजून तापतो. घरात चिडचिड, उलट उत्तरं येतात ती बहुतेक याच वेळी, आणि हे गेम खेळल्यामुळे नसून हरल्यामुळे असतं, फरक आहे. त्या क्षणी अभ्यासाचा विषय काढू नये. आमच्याकडे एक नियम त्याने स्वतः काढलाय, लागोपाठ दोन हरल्या की त्या दिवशी रँक बंद.

आणि "माझी टीमच भंगार होती" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल. त्यावर एक साधा हिशोब आहे, खेळणाऱ्यांमध्ये जुनाच आहे. दहा जणांत तू स्वतः नीट खेळतोस असं धरू. मग भंगार खेळाडू यायला तुझ्या टीममध्ये चारच जागा उरल्या, समोर मात्र पाच. म्हणजे शंभर-दोनशे मॅचचा हिशोब केला तर नशीब तुझ्याच बाजूला थोडं जास्त आहे. हे ऐकून तो पहिल्यांदा गप्प बसला होता.

फुकट आहे, मग कंपनी कमावते कुठून?

कपड्यांवर. गेम डाउनलोड करायला, खेळायला खरंच पैसे लागत नाहीत, नवीन पात्रंसुद्धा खेळून खेळून मिळवता येतात. पैसे घेतात ते स्किनचे, म्हणजे पात्राचा वेगळा पोशाख, वेगळा रंग, वेगळा आवाज. त्याने ताकद एक कणही वाढत नाही. "मग घ्यायचं कशाला?" असं विचाराल तर आपण बिनगरजेचे कपडे का घेतो याचं उत्तर आधी द्या. ते सोडा, इथे दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं.

एक, खऱ्या पैशाने आधी गेमचे पॉइंट घ्यायचे आणि मग पॉइंटने स्किन. ही मधली पायरी उगाच नसते, पॉइंटमध्ये किंमत बघितली की खर्च किती झाला ते मनाला लागत नाही. शिवाय पॉइंटचे गठ्ठे आणि स्किनच्या किमती नेमक्या जुळत नाहीत, थोडे पॉइंट उरतात, ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा गठ्ठा.

दोन, आणि हे मला जास्त खटकतं, काही गोष्टी सरळ विकत न देता नशिबावर देतात. पैसे टाका, पेटी उघडा, काय निघेल ते तुमचं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्येच काही गेममधल्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसवल्या. मी घरात एवढंच ठेवलंय की सरळ किंमत लिहिलेली स्किन ठरलेल्या खर्चात घेता येईल, पेट्या अजिबात नाहीत, आणि कार्ड कुठल्याही गेममध्ये सेव्ह करून ठेवायचं नाही. कार्ड सेव्ह नसणं हाच खरा कुलूपबंद दरवाजा आहे, बाकी सगळं उपदेश.

"फुकट पॉइंट मिळवा" असली लिंक कोणी पाठवली तर ती शंभर टक्के अकाउंट चोरायचा धंदा. टू-स्टेप लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

चॅटमध्ये काय चालतं

शिव्या. गोड बोलून सांगण्यात अर्थ नाही. चार अनोळखी माणसं, एकाची चूक सगळ्यांना भोवणार, चेहरा कोणाचा कोणाला दिसत नाही, आणि अर्धा तास सुटका नाही, अशा खोलीत माणसं कशी वागतील? त्यात पंधरा वर्षांचं पोरगंही असतं आणि पस्तिशीतला ऑफिसातून वैतागून आलेला माणूसही.

उपाय सोपा आहे आणि गेममध्येच आहे. एका कमांडने सगळ्यांना म्यूट करता येतं, सेटिंगमध्ये जाऊन चॅट कमीही करता येतं. नकाशावर खुणा करून "इकडे ये", "धोका आहे" असं न बोलता सांगायची सोय आहे, तिला पिंग म्हणतात, तेवढ्यावर मॅच नीट चालते. शिव्या देणाऱ्याला मॅच संपल्यावर रिपोर्ट करता येतं आणि चांगलं खेळलेल्याला शाबासकीही देता येते. लहान मुलांसाठी मी तर चॅट बंद ठेवूनच सुरुवात करा म्हणेन. खरी काळजी मॅचच्या चॅटपेक्षा नंतरची, म्हणजे कोणीतरी "चल दुसऱ्या ॲपवर बोलू" म्हणून बाहेर नेतं ती. खरं नाव, शाळा, फोटो, फोन नंबर काही द्यायचं नाही, हे एकदा नाही दहादा सांगावं लागतं.

आणि हो, शिव्या देणारं पोरगं आपलंच असू शकतं. मी एकदा शेजारी बसले होते, टीममधला कोणीतरी तिसऱ्यांदा तसाच मेला, आणि याने भराभर एक वाक्य टाइप केलं. मग माझ्याकडे बघितलं. मग एकेक अक्षर खोडलं. काय होतं ते मी वाचलं होतं, त्याला माहीत होतं मी वाचलंय, दोघंही काही बोललो नाही.

हिंसेचं काय?

अमेरिकेतल्या ईएसआरबीने लीगला टीन, म्हणजे तेरा वर्षं आणि वर, असं रेटिंग दिलंय, युरोपातल्या पेगीने १२. कॅमेरा उंचावरून असतो, पात्रं कार्टूनसारखी, मेलं की थोड्या वेळाने परत जिवंत. काही पात्रांचे पोशाख तोकडे आहेत ते मात्र खरं. माझ्या मते या गेममध्ये हिंसा ही शेवटची काळजी आहे, पण रेटिंग देणारे गेम बघतात, त्यात भेटणारी माणसं त्यांनाही तपासता येत नाहीत, हे विसरू नका.

घरच्या कॉम्प्युटरबद्दल एक

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. फसवणारे खेळाडू पकडायला २०२४ पासून कॉम्प्युटरवरच्या लीगबरोबर व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरीही येतो. तो विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसतो आणि कॉम्प्युटर चालू झाल्यापासून जागा असतो, गेम उघडलेला नसला तरी. व्हायरस नाही तो, पण ऑफिसचं काम, बँकेची कामं ज्या मशीनवर करता त्यावर हा गेम टाकायचा का हे आधी ठरवा. नको असेल तर तो काढता येतो, फक्त मग लीग चालणार नाही.

व्यसन लागलंय हे कसं ओळखायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार आपल्या यादीत घेतलाय, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तासांचा आकडा कुठेच नाही. तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर गेम गेलाय, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही थांबत नाही किंवा वाढतंच चाललंय. आणि याने घर, शाळा, मैत्री यांचं खरोखर बिघडलेलं असावं लागतं, साधारणपणे बारा महिने. म्हणजे परीक्षा संपल्यावर चार दिवस सलग खेळला म्हणून आजारी नाही. पण आधी आवडीने करायचा ते सगळं सुटलं, मित्र तुटले, झोप उलटीपालटी झाली, खोटं बोलायला लागला आणि हे महिनोन्महिने चाललंय, तर राउटर-बिउटरचे खेळ बंद करून सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. बारा महिने भरायची वाट बघत बसू नका. अनेकदा गेम हे कारण नसतंच, आधीच कुठेतरी दुखत असतं आणि पोरगं तिथे जाऊन लपलेलं असतं.

"सरकारनेच बंदी का घालत नाहीत?" असं मला एकीने विचारलं. चीनने २०२१ मध्ये तसं केलं, अठरा वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, बास. एका तासात लीगची एक मॅच जेमतेम बसते. मोठ्यांच्या अकाउंटने खेळायच्या पळवाटा पोरांनी काढल्याच.

"आई, मी प्रो होणार"

प्रो म्हणजे पैसे घेऊन टीमकडून खेळणारा व्यावसायिक खेळाडू. उडवून लावू नका आणि लगेच हुरळूनही जाऊ नका. खेळ म्हणून हे खरंच मोठं आहे. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत लीगला पदकं होती, सुवर्ण दक्षिण कोरियाला मिळालं. २०२४ ची जागतिक फायनल लंडनला झाली, चीनचे प्रेक्षक न धरता एका वेळी बघणारे जवळपास ६९ लाख होते. 'फेकर' या नावाने खेळणारा ली सांग-ह्योक २०१३ पासून आत्तापर्यंत सहा वेळा जगज्जेता झालाय, तो या खेळाचा देवच.

पण पिरॅमिडचं टोक फार बारीक आहे. चॅलेंजर या सगळ्यात वरच्या मजल्यावर एकेका सर्व्हरमध्ये, म्हणजे जगाच्या एकेका भागात, काहीशेच माणसं असतात, लाखोंमधून, आणि प्रो टीम त्यांच्यातूनही निवडतात. म्हणून भांडू नका, फक्त विचारा, "आत्ता रँक काय आहे?" पोरगं सिल्व्हर म्हणालं तर ते आनंदाने खेळतंय, खेळू दे, करिअरची चर्चा नंतर. डायमंडच्या वर असेल आणि वयाने लहान असेल तर मात्र त्याला गंभीरपणे घ्या, आणि टीमचे करार कोणी दाखवले तर वकिलाकडून वाचून घ्या. "पण याने मेंदू तल्लख होतो ना?" असंही पालक विचारतात, मला वाटतं आशेने. गेम खेळून गेम येतो. गणित त्यासाठी वेगळं करावं लागतं.

एक मॅच शेजारी बसून बघा

सूचना न देता, मोबाइल बाजूला ठेवून. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात छोटा नकाशा असतो, पोराचे डोळे दर दोन-तीन सेकंदांनी तिकडे जातात का बघा, चांगल्या खेळाडूचे जातात. तीन आकडे दिसतील, मारले किती, मेला किती, मारायला मदत किती. मधला आकडा वाढत असेल तर त्यावर काही बोलू नका. ड्रॅगन (कॉम्प्युटर चालवतो तो मोठा प्राणी, त्याला मारणाऱ्या टीमची ताकद वाढते) आला की दहाच्या दहा जण एका जागी जमतील आणि दहा सेकंदांत काय झालं ते तुम्हाला कळणार नाही, मला अजून कळत नाही.

आणि पात्र मेलं की त्याची स्क्रीन राखाडी होते. सुरुवातीला दहाएक सेकंद, मॅचच्या शेवटी शेवटी पाऊण-एक मिनिट, तेवढा वेळ त्याच्या हातात काही काम नसतं. दूध आणायला सांगायचं असेल, उद्या डबा काय हवा विचारायचं असेल, सहलीचा फॉर्म कुठे ठेवलास विचारायचं असेल तर तेव्हा विचारा. उत्तर मिळतं. फक्त प्रश्न एकच, आणि छोटा.